‘बारा वर्षांचा राजा’: राज्य चांगलंच असेल तर मुलांना भीती कशाची वाटावी?

झेरॉक्सवाली

नमस्कार मंडळी.

बडोद्यात रावपुऱ्याच्या बाजूला माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. दुपारी जेवणानंतर बाजार झोपतो. तेवढ्या वेळात काउंटरवर बसून एक कादंबरी लिहितेय, बारा ते सतरा वयाच्या मुलांसाठी. अडकलेय, म्हणून धागा काढला. ‘छान आहे, लिहीत राहा’ असलं नको, ते घरचे म्हणतातच.

काळ १९११, गाव बडोदं, पण एका जागी सांधा बदलून दुसऱ्या रुळावर गेलेलं. ‘पानिपत जिंकलो असतो तर’ छापाचं मला करायचं नव्हतं. त्यात आपण जिंकतो, झेंडा फडकतो आणि पुढे सांगायला काही उरत नाही. मला असा फाटा हवा होता की वरून पाहणाऱ्याला काही बदललंय हे कळूच नये.

बडोदेकरांना हे पाठ असेल, बाकीच्यांसाठी सांगते. ९ नोव्हेंबर १८७४ ला रेसिडेंट (इंग्रज सरकारचे इथले प्रतिनिधी) कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष सापडलं. सोमल आणि हिऱ्याची पूड, असं ठरलं. आळ आला बडोद्याचे राजे मल्हारराव महाराजांवर. चौकशी झाली आणि एप्रिल १८७५ मध्ये त्यांना गादीवरून उतरवून मद्रासला धाडलं. मग आधीचे राजे खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंनी दत्तक घ्यायला मुलगा शोधायला माणसं पाठवली. तो सापडला नाशिककडे, कवळाण्याला. बारा वर्षांचा गोपाळराव, शेतकऱ्याचा पोर, अक्षरओळखही नाही. २७ मे १८७५ ला तो सयाजीराव झाला. पुढची सहा वर्षं त्याला कसून शिकवलं आणि २८ डिसेंबर १८८१ ला राज्याचे पूर्ण अधिकार हातात दिले.

माझ्या गोष्टीत ही शेवटची तारीख उजाडतच नाही. कारभार पाहणारं मंडळ म्हणतं, महाराजांचं शिक्षण पुरं झालं की अधिकार देऊ. आणि शिक्षण सुरूच करत नाही. १९११ मध्ये महाराज अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत. बडोद्याचं स्वतःचं नाणं, खरा बाबाशाही रुपया, १९०० च्या सुमारास बंद झालं, माझ्या कादंबरीत तो चालू आहे आणि त्यावर दर साली तोच बारा वर्षांचा मुलगा छापला जातो. राजाला कोणी पाहिलेलं नाही, रुपया सगळ्यांनी पाहिलाय.

बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलंय. १८९३ ला अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग, १९०४ ला बालविवाहाला बंदी, १९०६ ला शिक्षणाची सक्ती राज्यभर, पोर शाळेत नाही तर बापाला दंड. १९१० ला अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेब येतात, गावोगाव वाचनालयं निघतात, लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेड्यापाड्यात फिरतात. हे सगळं खरंच झालंय आणि आम्ही ते छाती काढून सांगतो. फरक एवढाच की जिथे पोराला अडाणी ठेवणं गुन्हा आहे, त्या राज्यात एकाच माणसाला मुद्दाम निरक्षर ठेवलंय: राजाला. मंडळ लिहितं, वाचून दाखवतं, तो मोर्तब करतो.

नायिका कृष्णी, चौदा वर्षांची. बाप डभोई–मियागाम गाडीचे बैल हाकतो (हो, तिथली रेल्वे सुरुवातीला बैल ओढायचे, १८६२ साली, थट्टा नाही). स्टेशनात पुस्तकांच्या पेट्या उतरवून घेण्याचं काम तिच्याकडे. एक पेटी चुकून राजवाड्यात जाते आणि परत येते तेव्हा त्यातल्या बालपुस्तकाच्या समासात वरपासून खालपर्यंत कोणीतरी ‘अ’ गिरवलेला असतो. गिरवणारा हात मोठ्या माणसाचा.

इथवर मला आवडलंय. आता अडचण. साठेक पानं भाच्याच्या मित्रांना वाचायला दिली, नववीतली पोरं. त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं, “मावशी, शाळा आहे, पुस्तकं फुकट आहेत, लहानपणी लग्न लावत नाहीत. मग यात वाईट काय आहे?” मला उत्तर सुचलं नाही. दिवाणाला दुष्ट करून पाहिला, भद्र कचेरीसमोर फटके मारायला लावले. बंडखोरांना विश्वामित्रीतल्या मगरींपुढे टाकायलाही लावलं. मगरींवर पोरं बेहद्द खूश. मला मात्र ते गणेशोत्सवातल्या देखाव्यासारखं वाटतं, बटण दाबलं की राक्षसाचे डोळे लाल.

दुसरी धास्ती. आमच्याकडे अजून देवघराशेजारी सयाजीरावांचा फोटो आहे, आजोबा रोज हार घालायचे. त्यांच्याच कायद्यांतून भीतीचं राज्य उभं केलं तर गावात तोंड दाखवू का? चांगल्या कायद्यातून भीती कशी काढायची, तुम्हीच सांगा.

इंदुरी_जिरावन

बडोदं सोडा, इंदूरला या. १९२५ चा बावला खून खटला, १९२६ ला इंदूरचे महाराज तुकोजीराव गादी सोडतात, तयार मसाला आहे. आणि काहीही करा, मगरी काढू नका.

निवृत्त_कारकून

ताई, दफ्तरखान्यात नोकरी झाली माझी, मोडी वाचता वाचता डोळे गेले. इंदूरकरांचं मनावर घेऊ नका, खुनाचा खटला ही पोरांची गोष्ट नव्हे.

तुम्ही मल्हाररावांची चौकशी दोन शब्दांत उडवलीत, आणि नेमकं तिथेच तुम्हाला हवं ते पडलंय. आयोगात सहा जण होते. तीन इंग्रज, त्यातले बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष. तीन आपले: जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. मल्हाररावांच्या बाजूनं लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित वकील आणला होता, त्यानं उलटतपासणीत साक्षीदार पार खिळखिळे केले. शेवटी इंग्रज तिघे म्हणाले दोषी, आपल्या तिघांना पुरावा पटला नाही. तीन विरुद्ध तीन. सरकारनं विषाचा प्रश्न बाजूला ठेवला आणि गैरकारभाराचं कारण देऊन गादी काढून घेतली.

आता हीच गोष्ट तुमच्या मंडळाला लावा. सहा खुर्च्या ठेवा. नियम असा की मतं समान पडली तर आहे ते चालू. दर सालच्या पहिल्या बैठकीत विषय क्रमांक एक, ‘श्रीमंतांच्या विद्याभ्यासास प्रारंभ करणे’. तीन हो, तीन नाही. ठराव पुढील सालावर. असं तीस वर्षं. त्या सहांत एकही दुष्ट नको. एक जण चांगला वैद्य असू दे, एकानं गावाला पाणी आणलेलं असू दे. मतं कोण कशी देतो ते गुप्त, त्यामुळे बाहेर भेटला की प्रत्येक जण म्हणणार, मी तर हो म्हणालो होतो. दिवाणाचे फटके काढून टाका. आमच्या कचेरीत मी एकालाही फटका बसलेला पाहिला नाही आणि माणसं थरथरत यायची.

कागदपत्रांचं थोडं सांगतो, उपयोगी पडेल. राज्याचं गॅझेट म्हणजे ‘आज्ञापत्रिका’. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तिच्यातली एकेक सूचना द्या, मुलांना राज्य आपोआप कळेल, समजावून सांगावं लागणार नाही. कागद फायलीत घालू नका, रुमालात बांधा. आणि अंगठा. कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी १८९७ लाच निघाली होती, तेव्हा १९११ च्या शाळेत हजेरीला अंगठे घेतले तर कोणी तुम्हाला खोटं पाडू शकणार नाही. त्याच साली जनगणनाही होती.

सयाजीराव महाराजांबद्दल: तुम्ही त्यांना खलनायक केलेलं नाही, कोंडलंय. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात त्यांनी बादशहापुढे जेमतेम मान लववली आणि पाठ फिरवून चालते झाले, त्यावरून केवढं काहूर उठलं. तुमचं साल तेच आहे. ज्याला वाचता येत नाही असा राजा त्या दरबारात कसा वागला असता, हे लिहून पाहा.

मास्तरीणबाई

मी नाशिकला आठवी-नववीला मराठी शिकवते. कवळाणं आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे धागा उघडला.

कारकूनकाकांचं मंडळ मला फार आवडलं, पण पोरांना ते आवडणार नाही. सहा म्हातारे मतं देतायत, यात चौदा वर्षांच्या पोरीनं करायचं काय? तुमच्या भाच्याचे मित्र चुकीचं बोलले नाहीत. या वयाला राज्य कसं चालतं याची भीती वाटत नाही. मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली याची वाटते. वर्गात सगळ्यांसमोर नाव पुकारलं याची वाटते. घरी सांगता येणार नाही असं काहीतरी कागदावर लिहिलं गेलं, याची तर फारच.

दुसरं, कृष्णीला काय हवंय? राजाला वाचायला शिकवणं ही तुमची हौस झाली. तिची स्वतःची गरज पहिल्या दहा पानांत दिसली पाहिजे, आणि ती इतकी साधी हवी की वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरही म्हणेल, अरे हो.

आणि एक विचारू? तुम्ही दिवसभर लोकांचे कागद हाताळता. लोक तुमच्या काउंटरवर कशाला घाबरतात?

नववी_ब

मी नववीत आहे, ताईच्या आयडीवर नाही, माझाच आयडी आहे. मला ‘अ’ गिरवलेलं पुस्तक आवडलं. पण राजा कुठल्या पुस्तकात गिरवतो ते तिला कळलं तर ती त्याला उत्तर का लिहीत नाही? मी लिहिलं असतं. पुढच्या पेटीत ‘आ’ टाकला असता. आणि फटके बोर आहेत.

झेरॉक्सवाली

नववी_ब, तू म्हणतोस (की म्हणतेस?) ते आज रात्रीच लिहिणार. पुढच्या पेटीत ‘आ’. हे मला सुचायला हवं होतं, पण सुचलं तुला, तर कादंबरी छापून आली की पहिली प्रत तुझी.

बाई, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार करतेय. खरं सांगू का, माझ्या काउंटरवर पैशाला कोणी घाबरत नाही, तिथे लोक एका रुपयासाठी निवांत भांडतात. घाबरतात ते नावाला. “बेन, आगळ-पाछळ काढी आपो,” (पुढची-मागची झेरॉक्स काढून द्या) म्हणत माणूस येतो, कागद काचेवर ठेवतो आणि मग एकदम गप्प होतो. का, तर एका कागदावर नावापुढे ‘भाई’ लागलंय आणि दुसऱ्यावर नाही. आमच्या मराठी घरांत आणखी गंमत. बाप शाळेच्या दाखल्यात ‘गणपतराव’, रेशनकार्डावर ‘गणपतभाई’ आणि मुलीच्या फॉर्मवर नुसता ‘गणपत’. तीन माणसं झाली. साठीचा गृहस्थ, घर आहे, नोकरी करून निवृत्त झालाय, आणि मला विचारतो, “ताई, हे चालेल ना?” जणू मीच सरकार. मी म्हणते चालेल, प्रतिज्ञापत्र करून घ्या. तो जातो. पाठीत किंचित वाकून जातो.

तर हे धरून बसले आणि गोष्ट सरकली. ऐका.

कृष्णीचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांचा. घरात विठू. शाळेच्या गुजराती पटावर विठ्ठल. जनगणनेच्या मराठी कारकुनानं घरी येऊन लिहिला विठू. दोन्ही नोंदी बडोद्याला जातात आणि तिथे जुळत नाहीत. म्हणजे घरात दोन मुलगे. एक रोज शाळेत येतो, दुसरा कधीच नाही. न येणाऱ्याचा दंड सुरू. बाप पहिले काही महिने भरतो, कारण भांडण्यापेक्षा भरणं सोपं. भरला म्हणजे कबूल केलं! आता कागदोपत्री दुसरा मुलगा सिद्धच झाला. मग शाळेतून माणूस येतो, अगदी सभ्य, पायातले जोडे बाहेर काढून आत बसतो, आणि म्हणतो, त्या मुलाला तुम्ही कुठे ठेवलंय? तो शिकला पाहिजे हो, त्याचं नुकसान होतंय.

पुढचा उपाय तर इतका समजूतदार आहे की लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. न येणारा मुलगा सापडत नाही, तेव्हा येणाऱ्याला अर्धे दिवस त्याच्या नावानं बसवा. सोम-मंगळ-बुध विठ्ठल, गुरू-शुक्र-शनि विठू. दोन पाट्या, दोन अंगठे: उजव्या हाताचा एकाचा, डाव्याचा दुसऱ्याचा. (काका, अंगठ्याबद्दल दंडवत.) दोघांची परीक्षा वेगळी. विठ्ठल पास होतो, विठू अर्धंच शिकलेला म्हणून नापास. आणि नापास झालेल्यांना बडोद्याच्या वसतिगृहात नेऊन शिकवायची सोय आहे, मोफत, जेवणासकट.

एकाच पोराला न्यायला गाडी येते, आणि घरी राहायचीही त्याला परवानगी आहे. दोन्ही हुकूम एकाच दिवशी.

बाई, कृष्णीला काय हवंय ते मिळालं. तिला भाऊ एकच हवाय. नोंद दुरुस्त करायला हुजूर हुकूम लागतो, हुकमावर मोर्तब राजाचं, आणि मंडळ जे वाचून दाखवेल त्यावरच तो मोर्तब करतो. म्हणून तिला राजाला वाचायला शिकवायचंय. राज्य उलथवायला नाही. तिला एक नाव खोडून हवंय.

काका, तुमचे सहा जण घेतले. आणि दंड भरून सुटका होत नाही, हे मला खऱ्या इतिहासातूनच उलटं करून मिळालं. बालविवाहाच्या कायद्यात खरं तेच झालं होतं ना, लोक दंड भरत आणि लग्नं लावत. इथे दंड भरला की अडकलात.

मास्तरीणबाई

हे झालं. हे मी माझ्या वर्गात वाचून दाखवू शकते. डावा-उजवा अंगठा पोरं मधल्या सुट्टीत खेळतील, बघा. एकच सांगते, विठूला हे सगळं थोडं आवडू दे. नऊ वर्षांच्या मुलाला दोन मुलं होणं म्हणजे खेळच. तो शनिवारी बहिणीला म्हणाला पाहिजे, मी आज विठू आहे, मला विठ्ठलचा गृहपाठ विचारू नकोस.

कमाटीबाग

आयडीवरून कळलं असेल मी पण बडोद्याचा, कमाटीबाग इथलीच बाग.

सगळं वाचलं. गोष्ट जबरदस्त आहे, म्हणूनच थांबून लिहितोय. तुमची पेटी डभोईला उतरते. मग तिला कोण हात लावतं? कृष्णी कोण आहे, म्हणजे कुठल्या वस्तीतली? तुम्ही लिहिलेलं नाही, आणि लिहिलं नाही की वाचणारा आपापल्या घरातली समजतो.

या राज्यात अंत्यजांच्या, म्हणजे अस्पृश्य मानलेल्यांच्या शाळा १८८० च्या दशकातच निघाल्या, ही मोठी गोष्ट आहे, मी नाकारत नाही. पण त्या वेगळ्या शाळा होत्या. शिकवायला सवर्ण मास्तर तयार होईनात म्हणून मुसलमान मास्तर नेमले. पुढे १९०८ ला पंजाबातून पंडित आत्माराम आले आणि त्यांनी ते काम अंगावर घेतलं. तुम्ही कल्पनेनं जे बनवताय, म्हणजे चांगला कायदा आणि त्याच्या आत एक भिंत, ते आमच्या पणजोबांना कल्पनेनं बनवावं लागलं नाही. भिंत होतीच.

आणि तुमच्या फाट्याचं काय होतं बघा. सयाजीराव १८८१ ला राजे झाले नाहीत, वाचायला शिकले नाहीत, जग फिरले नाहीत. ठीक. मग १९१३ ला बाबासाहेबांना कोलंबियाला जायला बडोद्याची शिष्यवृत्ती कोणी दिली? सहा जणांच्या मंडळानं? तीन-तीन? तुमच्या पर्यायी भूतकाळात सगळ्यात मोठा फरक बडोद्यात पडतच नाही. तो पुढे सगळ्या देशात पडतो, आणि तुमची गोष्ट तिकडे पाहत नाही.

खऱ्या इतिहासातही ते सप्टेंबर १९१७ मध्ये नोकरीवर रुजू व्हायला बडोद्याला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी सरायीत नाव बदलून राहिले. काठ्या घेऊन माणसं आली आणि बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्रीची, तोवर ते याच कमाटीबागेत बसून होते. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. तिथे आज संकल्पभूमी हे त्यांचं स्मारक आहे, तुमच्या दुकानापासून रिक्षानं किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे. बोलावणारा राजा चांगला, राज्य सुधारलेलं, आणि पदवीधर माणसाला एक खोली नाही. मुलांना भीती कशाची वाटावी असं विचारताय, तर हे घ्या.

रागावून लिहिलेलं नाही. कादंबरी व्हायला हवी म्हणून लिहिलंय.

निवृत्त_कारकून

कमाटीबाग, बरोबर बोललात. शिष्यवृत्तीचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता.

झेरॉक्सवाली

कमाटीबाग दादा, जून-जुलैत माझ्या दुकानात सगळ्यात जास्त झेरॉक्स निघतात त्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मच्या. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, आगळ-पाछळ. तुमचं वाचल्यावर त्या गठ्ठ्याकडे नुसती बघत बसले.

बाबासाहेबांना मी पात्र करणार नाही. तेवढी माझी लायकी नाही आणि मुलांच्या गोष्टीत त्यांना आणून दोन वाक्यं बोलायला लावणं मला आवडणारही नाही. पण मंडळाचा एक रुमाल आहे, ‘परदेशी शिक्षणास मदत, प्रलंबित’. कृष्णी राजवाड्यात पोचते तेव्हा विठूचा कागद शोधताना तिच्या हाताला तो रुमाल लागतो. सगळे अर्ज नीट लावलेले, एकावरही शेरा नाही. कोणाचे ते मी लिहिणार नाही. मोठा वाचक ओळखेल, नववी_ब मास्तरांना विचारेल.

आणि शेवट बदलला. आतापर्यंत तिच्याकडे एकच काम होतं. आता राजाला एवढंच वाचता येतंय की एका बैठकीत तो एकच कागद स्वतः वाचून मोर्तब करू शकेल, मग मंडळाला कळणार आणि दार बंद होणार. भावाचा कागद पुढे करायचा की तो रुमाल? ती काय करते ते मला अजून माहीत नाही. चौदा वर्षांची आहे, बहुतेक भावाचाच करेल, आणि मला तिला त्यासाठी वाईट ठरवायचं नाही.

कृष्णी कोण, हेही ठरवलंय. तिला पेटी उतरवता येते, उघडता येत नाही. उघडायला दुसरं माणूस येतं. म्हणजे ते समासातलं ‘अ’ तिला दिसतं कसं, हे आता पुन्हा लिहायला लागणार, पहिलं प्रकरण गेलं सगळं. बैल हाकणाऱ्या बापाचंही बघावं लागेल. तुम्हाला वेळ असेल तर लिहून झाल्यावर वाचाल का? दुकानावर या, किंवा इथेच टाकते.

कमाटीबाग

इथेच टाका. सगळे वाचू देत. संध्याकाळी सेव-उसळ खायला रावपुऱ्यात येतोच, दुकान दिसलं तर डोकावेन.

इंदुरी_जिरावन

मगरींचं काय ठरलं?

झेरॉक्सवाली

एक ठेवलीय. वसतिगृहाच्या मागच्या घाटावर ऊन खात पडलेली असते. कोणाला खात नाही. विठू तिला दोन नावं ठेवतो.

निवृत्त_कारकून

ताई, जाता जाता एक चूक दाखवतो, नाहीतर कोणी रेल्वेवाला येऊन तुम्हाला सोलून काढेल. डभोई–मियागाम अडीच फुटी लाईन १८६२ ची खरी, बैल ओढत हेही खरं. पण कारण असं की आधीचे रूळ इंजिनाचं वजन पेलत नव्हते. पुढे भक्कम रूळ टाकले आणि इंजिनं सुरू झाली. १९११ ला त्या गाडीला बैल नव्हते. तुमच्या कृष्णीचा बाप तेव्हा बेकार असायला हवा. बाकी सगळा इतिहास जसाच्या तसा ठेवला असं तुम्ही म्हणता, मग हे कसं बसवणार?

झेरॉक्सवाली

काका, भक्कम रूळ टाकण्याचा ठराव मंडळापुढे दर साली येतो. तीन-तीन.